परत शिकायला जायचं, पण कशासाठी?

विशी-पंचविशीतल्या कुणी नोकरी सोडून पुन्हा शिकायला जायचा विषय काढला की ऐकणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, शिकायचं एक वय असतं, ते निघून गेलं की पुस्तक हातात धरवत नाही. आत्ताच जा, कमाई काय, जन्मभर करायचीच आहे. दुसरा म्हणतो, पदव्यांची भेंडोळी घेऊन हिंडणारे बेकार दिसत नाहीत का? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, खरं शिक्षण कामातच मिळतं. दोघांनाही आपापली उदाहरणं तोंडपाठ असतात: शिकून नाव काढलेला कुणी नातेवाईक, न शिकता गबर झालेला कुणी ओळखीतला. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याला मात्र कुणी विचारलेलंच नसतं की तुझं नेमकं अडलंय कुठे?

हा वाद ज्या तऱ्हेने घातला जातो, ती तऱ्हाच मला घातक वाटते. माझं म्हणणं सरळ आहे. रोजच्या कामात असा एखादा अडसर समोर आला असेल, जो आणखी दहा वर्षं तेच काम करूनही हटणार नाही, आणि तो हटवणारं शिक्षण कोणतं हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता येत असेल, तर परत जावं. तिशी ओलांडली असली तरी जावं. तसं सांगता येत नसेल तर काम करत राहावं आणि मागे पडल्याची खंत मनात ठेवू नये. 'आत्ता नाही तर कधीच नाही' ही भीती दोन्ही तट घालतात. एक म्हणतो आत्ता गेला नाहीस तर कायमचा अडकलास, दुसरा म्हणतो आत्ता सोडलंस तर कायमचा बुडालास. असे निर्णय सर्वांत जास्त बिघडतात ते या भीतीपोटी.

पहिल्या तटाचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करू. एकदा दरमहा पैसा हातात येऊ लागला की परत फिरणं अवघड होतं, हे खरंच आहे. पगारापाठोपाठ हप्ते येतात, घरच्यांच्या अपेक्षा येतात, लग्न येतं, आणि 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणता म्हणता सात-आठ वर्षं निघून जातात. असे लोक प्रत्येकाच्या माहितीत असतात. पण त्यांना कामाने अडवलं, की परतीची तयारीच न केल्याने ते अडले?

1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधलं शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. पुढच्या वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. गाठीशी होती आणि नोकरी अशी की त्या काळी कुणीही ती आयुष्यभर सांभाळली असती. 1920 मध्ये त्यांनी तिचा राजीनामा दिला आणि लंडन गाठलं. वय होतं 29. 1923 संपण्याआधी एम.एस्सी., बॅरिस्टरी आणि डी.एस्सी. तिन्ही पदरात पडलं होतं. त्यांची असामान्य बुद्धी आणि जिद्द थोडा वेळ बाजूला ठेवून नुसती व्यवस्था पाहा. अभ्यास पुरा करायला चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाने दिलेली होती, म्हणजे दार बंद झालेलं नव्हतं आणि मुदतही ठरलेली होती. पगारातून काटकसरीने बचत केलेली होती. कमी पडलं तिथे शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज होतं. आणि काय शिकायचं राहिलंय, हे अगदी नेमकं ठाऊक होतं. या चारांतली एखादी गोष्ट नसती तर मधली नोकरी ही शिक्षणाची अखेर ठरली असती. चारही असल्यामुळे त्याच नोकरीतून पुढच्या शिक्षणाचा खर्च उभा राहिला. 'काम धरलं की शिक्षण सुटतं' हा नियम असता तर हे घडलंच नसतं. सुटतं ते तारीख, बचत आणि दिशा यांच्याशिवाय काम धरलं तर.

मग वयाचं काय? मोठ्या वयाचे विद्यार्थी मागे पडतात, वर्गाची पातळी खाली आणतात, ही समजूत जुनी आहे आणि तिची परीक्षाही एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. 1944 साली अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा केला, जो जीआय बिल म्हणून ओळखला जातो. तेव्हा शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांनी जाहीर इशारा दिला की यामुळे विद्यापीठं म्हणजे भटक्यांचे अड्डे होतील. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनाही धास्ती होती की लायकी नसलेल्यांची गर्दी उसळेल. प्रत्यक्षात सुमारे 22 लाख माजी सैनिकांनी कॉलेजात प्रवेश घेतला. 1947 मध्ये तर अमेरिकेतल्या कॉलेजांत नाव घालणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे तेच होते. बरेच जण विवाहित, काही मुलाबाळांचे बाप. त्यांचा अभ्यास इतका चांगला होता की थेट शाळेतून आलेल्या मुलांना गुणांत त्यांची बरोबरी करणं जड जाऊ लागलं. हार्वर्डने पाहिलेल्या सर्वांत प्रगल्भ विद्यार्थ्यांत हे आहेत, अशी कबुली पुढे खुद्द कॉनंट यांनीच दिली. का झालं असेल असं? वेळ वाया गेला तर काय जातं, हे त्यांना कळून चुकलं होतं. आपण वर्गात का बसलोय, हा प्रश्न त्यांना दुसऱ्या कुणी विचारायची गरज नव्हती. या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायदा कागदावर सर्वांसाठी होता, पण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं, कारण तिथली बहुतेक विद्यापीठं त्यांना घेतच नव्हती. शिकायची उमेद त्यांच्यातही तेवढीच होती. दार कुणासाठी उघडं आहे यावर किती अवलंबून असतं, ते यावरून दिसतं.

'या वयात मेंदू चालत नाही' हेही तपासून पाहण्यासारखं आहे. नव्या गोष्टीचा झटपट उलगडा करण्याचा वेग विशीनंतर हळूहळू उतरू लागतो, हे मानसशास्त्राला मान्य आहे. पण शब्दसंपदा, अनुभवाने जमलेलं ज्ञान, जुन्याशी नव्याचा सांधा जोडण्याची ताकद पुढे कित्येक वर्षं वाढतच राहते. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले सुमारे 25 हजार रस्ते पाठ करावे लागतात आणि त्याला तीन-चार वर्षं लागतात. ही माणसं पोटापाण्याचं पाहत पाहत मोठ्या वयात हा अभ्यास करतात. मेंदूच्या अभ्यासक एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उमेदवार अभ्यासाआधी आणि नंतर तपासले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जे परीक्षा उतरले त्यांच्या मेंदूतला स्थळस्मृतीशी संबंधित भाग वाढलेला आढळला. पंचविशीत 'आता डोकं गंजलं' म्हणणाऱ्याला एवढं पुरावं.

आता दुसऱ्या तटाकडे. बिल गेट्स आणि मार्क झुकरबर्ग यांची नावं घेऊन पदवी निरुपयोगी ठरवणाऱ्यांना फार वेळ देण्याचं कारण नाही. दोघांनी सोडलं ते हार्वर्ड, दोघांच्या घरी आधार होता, आणि बेत फसला असता तर परत जायची वाटही होती. त्यांच्यासारखं कॉलेज सोडून कुठेच न पोचलेल्या हजारोंची चरित्रं कुणी लिहीत नाही.

मायकेल फॅरेडे यांचं उदाहरण मात्र गंभीरपणे घ्यावं लागतं, कारण ते खरोखरच जबरदस्त आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानात चौदाव्या वर्षी उमेदवारीला लागलेला मुलगा बांधायला आलेली पुस्तकं वाचून विज्ञान शिकतो. 1812 साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकून त्यांच्या टिपणांचं पुस्तक स्वतः बांधून त्यांना पाठवतो, पुढच्या वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो आणि शेवटी विजेचा अख्खा इतिहास बदलतो. विद्यापीठाचं तोंडही न पाहता! पण या गोष्टीचे दोन भाग सांगणारे गाळतात. एक म्हणजे फॅरेडे यांनी शिक्षण टाळलं नाही, मिळवलं; त्या काळच्या सर्वोत्तम रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी वर्षानुवर्षं शिकून घेतलं. दुसरं म्हणजे त्यांची उणीव त्यांना शेवटपर्यंत जाचली. त्यांना उच्च गणित येत नव्हतं. चुंबकीय बलरेषांची त्यांची कल्पना गणितात उतरवली ती जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी. 1857 मध्ये फॅरेडे यांनी मॅक्सवेलना पत्र लिहून विचारलं होतं की गणितज्ञ आपले निष्कर्ष साध्या भाषेत मांडू शकणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्या प्रयोग करणाऱ्यांना त्यांच्या आधाराने पुढे जाता येईल. तेव्हा त्यांचं वय 66 होतं, जगभर कीर्ती झालेली होती. कामातून माणूस किती उंच जाऊ शकतो, याचं फॅरेडे हे उदाहरण आहे. आणि निव्वळ कामातून काय हाती येत नाही, याचंही.

हा अडसर असतो कसा, ते जवळून पाहू. कारखान्यात देखभालीचं काम करणारी तेवीस-चोवीस वर्षांची इलेक्ट्रिशियन डोळ्यांसमोर आणा. एक थ्री-फेज मोटर सारखी ट्रिप होतेय, म्हणजे आपोआप बंद पडतेय. ती ओव्हरलोड रिले तपासते, टर्मिनल आवळते, कॉन्टॅक्टर उघडून जळालेले काँटॅक्ट बदलते, बेअरिंगचा आवाज ऐकते. तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजते तर फरक जेमतेम दोन-तीन टक्के. पण क्लॅम्प मीटर लावून करंट बघितला तर एका फेजवर तो भलताच चढलेला. व्होल्टेजमधला एवढासा फरक करंटमध्ये सहापट, कधी दहापट होऊन का दिसतो? वरिष्ठ सांगतात, असं होतं, सप्लाय बघून घे. त्यांचं म्हणणं चूक नाही, तिचा हातही चुकत नाही, मोटर पुन्हा चालू होते. पण प्रश्न राहतोच. असमतोल, म्हणजे तिन्ही फेज सारखे नसलेल्या, पुरवठ्याचे समतोल भाग पाडून बघायचं गणित चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी 1918 मध्ये मांडलं. त्यातला एक भाग मोटरला उलट्या दिशेने ओढतो, आणि त्या भागाला मोटरचा विरोध फार थोडा असतो, म्हणून किरकोळ व्होल्टेजवरही मोठा करंट वाहतो. हे कळल्यावर मोटर ट्रिप व्हायच्या आधीच धोका ओळखता येतो, पुरवठ्याची आखणी बदलता येते. नुसती पक्कड आणि टेस्टर घेऊन दहा वर्षं उभं राहून हे कळत नाही. आणि गंमत अशी की हेच गणित एकोणिसाव्या वर्षी परीक्षेपुरतं पाठ करणारा विद्यार्थी सहा महिन्यांत ते विसरतो, कारण ट्रिप होणारी मोटर त्याने पाहिलेलीच नसते. या मुलीने आता परत जाऊन अभियांत्रिकी शिकावी, असं मी बेधडक सांगेन. तिच्याकडे प्रश्न आहे, आणि त्या धड्याचं पान उघडेल तेव्हा तिच्या नजरेपुढे ते तापलेलं पॅनेल असेल.

तिच्याच शेजारी काम करणारा दुसरा कुणी केवळ साहेब त्रास देतो, पाळ्या बदलतात, कंटाळा आलाय म्हणून 'काहीतरी शिकतो' म्हणत असेल तर? त्याला मी थांब म्हणेन. त्याचा त्रास खोटा नाही. पण त्या त्रासावर उपाय दुसरी नोकरी हा आहे. दोन वर्षं वर्गात बसून तो त्याच कोड्यापुढे परत येईल, मधल्या काळात बचत मात्र संपलेली असेल. मंदीत नोकऱ्या दुरावल्या की कॉलेजांत गर्दी वाढते, हे अनेकदा दिसलेलं आहे. 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेत असंच झालं आणि त्या लाटेवर नफेखोर कॉलेजांच्या साखळ्या फोफावल्या. 'आयुष्य बदला' अशा जाहिराती पाहून नोकरदार आणि बेरोजगार प्रौढांनी कर्ज काढून तिथे नावं घातली. त्यांपैकी कॉरिंथियन कॉलेजेस 2015 मध्ये दिवाळखोरीत गेली, आयटीटी टेक 2016 मध्ये बंद पडली, आणि हजारो माणसांच्या हाती अर्धवट अभ्यासक्रम व पुरतं कर्ज उरलं. या माणसांना आळशी किंवा मूर्ख म्हणणं अन्यायाचं आहे. शिकणं नेहमीच चांगलं असतं, हा पहिल्या तटाचा आशीर्वाद घेऊनच ती तिथे गेली होती.

हिशोबाचा मुद्दाही नीट मांडला जात नाही. लोक फी मोजतात. पूर्णवेळ शिकायला जाणाऱ्याचा खरा खर्च बहुतेक वेळा फीपेक्षा मोठा असतो, कारण त्या काळात न मिळणारा पगार आणि थांबलेली बढती त्यात धरावी लागते. यावर अर्थशास्त्राचा नेहमीचा सल्ला असा की मग लवकर शिका: विशीत पगार कमी असतो म्हणून नुकसान कमी, आणि फायदा उपभोगायला वर्षं जास्त. गॅरी बेकर यांच्यापासून चालत आलेला हा युक्तिवाद चोख आहे आणि मी तो मानतो. फक्त त्यात एक गृहीत आहे, काय शिकायचं हे तुम्हाला आधीच माहीत आहे. चुकीची शाखा लवकर निवडली तर तोटाही तितकीच जास्त वर्षं भोगावा लागतो. अठराव्या वर्षी गुणांच्या यादीकडे बघून घेतलेला प्रवेश, आणि चार वर्षं त्या क्षेत्रात राबून चोविसाव्या वर्षी घेतलेला प्रवेश, यांत चुकण्याची शक्यता कुठे जास्त?

एक बाब मात्र तडजोडीच्या पलीकडची आहे. काही दारं कागदाशिवाय उघडतच नाहीत. औषधाची चिठ्ठी लिहायला, न्यायालयात उभं राहायला, पुलाच्या आराखड्यावर सही करायला पदवी आणि नोंदणी लागते, आणि लागावी. तिथे अनुभवाचे गोडवे गाऊन भागत नाही. इतर ठिकाणी पदवी निव्वळ चाळणी म्हणून वापरली जाते. ज्ञान वाढो न वाढो, चिकाटीचा दाखला म्हणून मालक ती मागतात. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये हाच सिद्धांत मांडला आणि पुढे त्यांना नोबेल मिळालं. मग ज्याने पाच वर्षं चोख काम केलंय, त्याच्या चिकाटीचा दाखला त्याच्या कामातच नाही का? असायला हवा. पण आज कित्येक ठिकाणी अर्ज माणसाच्या हाती पडण्याआधीच बाद होतो, हे सत्य नाकारून कुणाला सल्ला देऊ नये. केवळ या चाळणीसाठी शिकायचं असेल तर ते उघड मान्य करावं, आणि मग सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी वेळ खाणारी, पण मान्यताप्राप्त वाट धरावी. तिथे नामांकित संस्थेचा हट्ट कशाला?

ज्यांच्या पगारावर घर चालतं त्यांना 'सोड आणि शीक' असं सांगणं हा मला क्रूरपणा वाटतो. त्यांच्यासाठीच 1969 मध्ये ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. प्रवेशाला कोणतीही पूर्वपरीक्षा नको, पाठ घरी येणार, काही रेडिओ-टीव्हीवरून. टीकाकारांनी त्याची भरपूर टर उडवली. तरीही 1971 साली पहिल्याच तुकडीला सुमारे 25 हजार विद्यार्थी आले आणि पुढे ते प्रारूप जगभर पसरलं. असं शिकणं सोपं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्याचे डोळे मिटतात, रविवार नावापुरता उरतो, आणि अशा अभ्यासक्रमांत अर्ध्यावर सोडणारे पूर्णवेळ कॉलेजांपेक्षा नेहमीच जास्त असतात. म्हणून पूर्ण पदवीचं ओझं एकदम उचलण्याआधी एकच विषय घेऊन पाहावा, तोही सर्वांत अवघड वाटणारा. नोकरी सांभाळून तो सहा महिने रेटता आला आणि त्यातून कामातला एखादा प्रश्न सुटला, तर पुढे पूर्णवेळ जायचं की असंच चालू ठेवायचं, हे ठरवायला हातात काहीतरी ठोस असेल. राजीनामा त्यानंतर लिहावा.

आणि हे सगळं त्या एकट्या तरुण माणसाच्या डोक्यावर का टाकायचं? स्वीडनने 1974 मध्येच कायदा केला: कर्मचाऱ्याला शिक्षणासाठी रजा घेण्याचा आणि नंतर पूर्वीच्याच अटींवर कामावर परतण्याचा हक्क. मालकाला ती काही काळ पुढे ढकलता येते, साफ नाकारता येत नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी शैक्षणिक रजेबाबतचा करार क्रमांक 140 मंजूर केला; तो स्वीकारणारे देश आजही थोडेच आहेत. असा हक्क असलेल्या माणसासाठी 'नोकरी की शिक्षण' हा आयुष्य पणाला लावणारा सवाल राहत नाही. तो दीड-दोन वर्षांच्या रजेचा अर्ज होतो. तरुणांना 'हिंमत कर' किंवा 'शहाणपणा कर' असं सांगणाऱ्या दोन्ही तटांनी आपला थोडा आवाज मालकांकडे आणि विद्यापीठांकडे वळवावा: रजा द्या, जागा राखून ठेवा, कामाच्या अनुभवाला प्रवेशात गुण द्या, अर्ध्यावर सोडलेला अभ्यास पुन्हा पहिल्या पानापासून करायला लावू नका. चार वर्षांत परत येण्याची मुभा 1917 साली देता येत होती, तर आज कशामुळे अडतंय?